बातमी न होणारे मरण

(तारकर्ली येथील हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



पाळकसाहेबांनी मला विषय दिला तो प्रश्नाच्या रूपातच दिला. दूर कुठेतरी माणसे, विशेषतः लहान मुले, अन्नावाचून आणि औषधावाचून मरतात. ते आपल्याला कळत कसे नाही? आणि कळले तरी आपण जागचे हलत का नाही? याला एक उत्तर तयारच असते : माणसांची मने आता दगड झाली आहेत. मला हे उत्तर पटत नाही. आदिवासी भागात काम करताना मी अनेक मंडळ्यांमध्ये बोलले आहे, आणि दगडाच्या मनाची माणसे मला फार थोडी भेटली. शिवाय हे उत्तर एकदा मान्य केले की करण्यासारखे काही उरत नाही. सुस्कारा टाकायचा आणि घरी जायचे. म्हणून आज आपण कारणे जरा शांतपणे तपासू या.

१९९३ साल घ्या. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक झोपले आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची धरणी हादरली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे मातीच्या ढिगाऱ्याखाली गेली, हजारो माणसे मेली. तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढचे जे आहेत त्यांना तो आठवडा आठवत असेल. गल्लोगल्ली चादरी, भांडी, धान्य गोळा झाले. शाळांनी, देवळांनी, मशिदींनी, चर्चनी पैसे जमवले. डॉक्टर सुट्टी टाकून गेले. पुनर्वसनासाठी जागतिक बँकेपर्यंतचा पैसा आला. मी तेव्हा शाळकरी मुलगी होते. आमच्या वर्गातही डबा फिरला होता.

त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात, धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, कोरकू आदिवासींची बालके कुपोषणाने दगावत होती. वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली, प्रश्न विधिमंडळात आणि उच्च न्यायालयात गेला. त्याच्या आदल्याच वर्षी जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात शंभराहून अधिक बालके गेल्याच्या बातमीने महाराष्ट्र हळहळला होता. म्हणजे कोणालाच काही कळले नाही असे नव्हते. पण किल्लारीसाठी फिरला तसा डबा मेळघाटसाठी आमच्या वर्गात फिरला नाही. आणि किल्लारीची घरे बांधून कधीच झाली. मेळघाटचा प्रश्न मात्र तीस वर्षांनंतरही न्यायालयासमोर येतच राहिला.

एकच राज्य, एकच वर्ष, तीच माणसे. एका ठिकाणी धावली, दुसऱ्या ठिकाणी नाही. म्हणजे मन दगड असण्याचा हा मामला नव्हे. मग फरक कशाने पडला?

पहिले कारण, भूकंपाला तारीख असते. कुपोषणाला तारीख नसते. बातमीला काय लागते? काल नव्हते ते आज घडले पाहिजे. मेळघाटातले मूल एका रात्रीत मरत नाही. आई मुळातच अशक्त असते, मूल कमी वजनाचे जन्मते, पहिल्या पावसाळ्यात त्याला जुलाब होतात, वजन उतरते, मग छाती भरते आणि ते जाते. यातली कोणती तारीख वार्ताहराने छापायची? आणि पुढच्या वर्षी तेच झाले तर संपादक म्हणणार, हे तर गेल्या वर्षीही छापले होते.

अमर्त्य सेन यांनी हीच गोष्ट देशाच्या पातळीवर दाखवली. १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली, तेव्हा परकीय सरकार बातम्या दाबत होते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या ‘द स्टेट्समन’ने रस्त्यावर मरून पडलेल्या माणसांची छायाचित्रे छापली, तेव्हा कुठे दिल्ली-लंडनला हालावे लागले. स्वतंत्र भारतात वृत्तपत्रे मोकळी आहेत, निवडणुका आहेत, म्हणून तसा प्रचंड दुष्काळ पुन्हा पडू दिला गेला नाही, असे सेन सांगतात. पण ते पुढे हेही सांगतात की रोजची, मुकाट भूक हटवण्यात हीच वृत्तपत्रे आणि हीच लोकशाही तितकी यशस्वी झाली नाही. एकदम हजार मेले तर सरकार पडते. वर्षभर रोज दोन-तीन गेले तर कोणाची खुर्ची हलत नाही.

दुसरे कारण, ज्याची नोंद नाही त्याची बातमी होत नाही. हे कारण आपल्याला फारसे ठाऊक नसते. पालघर आणि रायगड जिल्ह्यांतली कातकरी, वारली कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मेळघाटातले कोरकू कामासाठी बाहेर पडतात आणि होळीला घराकडे येतात. या मधल्या काळात भट्टीवर मूल जन्मले आणि तिथेच गेले, तर ते कोणत्या वहीत लिहिले जाणार? गावच्या अंगणवाडीत आई हजर नाही. भट्टीजवळच्या अंगणवाडीच्या यादीत तिचे नाव नाही. ते मूल आले आणि गेले; ना जन्माची नोंद, ना मृत्यूची.

आणि नोंद झालीच, तर कागदावर कारण काय लिहितात? न्यूमोनिया. अतिसार. जन्मतः कमी वजन. ते खोटे नसते. पण धडधाकट मूल ज्या जुलाबातून चार दिवसांत उठते, त्याच जुलाबाने अर्धपोटी मूल जाते. ‘भूक’ हे कारण कागदावर येतच नाही. मग सभागृहात मंत्री कोणत्याही पक्षाचा असो, त्याला सांगता येते की हे मृत्यू कुपोषणाने झालेले नाहीत.

डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ओळखले. महाराष्ट्रातल्या तेरा स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन आपापल्या गावांत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू टिपला. ‘कोवळी पानगळ’ या नावाने २००१ मध्ये त्यांचा अहवाल आला. सरकारी वहीत होते त्यापेक्षा कितीतरी अधिक बालके प्रत्यक्षात मरत होती. अहवालाने खळबळ माजली, विधिमंडळात चर्चा झाली, सरकारला समिती नेमावी लागली. ही खळबळ एखाद्या हृदयद्रावक छायाचित्राने माजली नव्हती. ती वहीने माजवली. गावातल्या कार्यकर्त्यांनी दारोदार जाऊन केलेल्या नोंदींनी माजवली. ही गोष्ट मनात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

तिसरे कारण, अंतर. हे अंतर मैलांत मोजता येत नाही. मोखाडा-जव्हार मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. साऱ्या वाहिन्यांची कार्यालये असलेल्या शहरातून सकाळी गाडी काढली तर दुपारच्या आत पाड्यावर पोचता येते. लंडन, न्यूयॉर्क हजारो मैलांवर आहेत. पण तिथे जरा काही झाले की पाच मिनिटांत आपला फोन वाजतो, कारण तिथे कोणाचा भाचा आहे, कोणाची सून आहे. मोखाड्याच्या पाड्यावर आपले कोणी नाही. जिथे आपले कोणी नाही ते दूर.

तारकर्ली-देवबागच्या लोकांना हे मी वेगळे सांगायला नको. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. माड पडले, कौले-पत्रे उडाले, होड्या फुटल्या, विजेचे खांब आडवे झाले. दुसऱ्या दिवसापासून वाहिन्यांवर काय होते? बॉम्बे हायजवळ बुडालेला पी-३०५ तराफा आणि गुजरातच्या किनाऱ्यावर आदळलेले वादळ. त्या तराफ्यावरची सत्तरहून अधिक माणसे गेली. ती बातमी मोठी होतीच, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण मालवण तालुक्यात कित्येक घरे त्यानंतर अनेक दिवस अंधारात होती, आणि त्या अंधाराची बातमी कोणाला नको होती. आपण त्या दिवसांत कोणाचे तरी ‘दूर’ झालो होतो.

हे जगभर होते. एझेन्से आणि स्ट्रोमबर्ग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६८ ते २००२ या काळातल्या सुमारे पाच हजार नैसर्गिक आपत्ती तपासल्या आणि अमेरिकी सरकारने कोणाला मदत केली ते पाहिले. ऑलिंपिक स्पर्धा चालू असताना आलेल्या आपत्तीला बातम्यांत जागा कमी मिळाली, आणि म्हणून मदत मिळण्याची शक्यताही कमी झाली. आपत्ती तेवढीच, माणसे तेवढीच. फक्त त्या आठवड्यात जग दुसरीकडे पाहत होते. आज सुदानकडे पाहा. १५ एप्रिल २०२३ पासून तिथे युद्ध पेटले आहे, एक कोटीहून अधिक माणसे घरादाराला मुकली आहेत. आपल्यापैकी कितीजणांनी त्यासाठी एकदा तरी प्रार्थना केली, हे ज्याने त्याने मनातल्या मनात मोजावे.

चौथे कारण आपल्या मनाच्या घडणीचे आहे. पॉल स्लोव्हिक या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. काहीजणांना आफ्रिकेतल्या एका भुकेल्या मुलीची माहिती दिली, काहींना लाखो भुकेल्यांचे आकडे दिले. एका मुलीसाठी लोकांनी बरेच जास्त पैसे दिले. गंमत पुढे आहे : त्या मुलीच्या माहितीबरोबर आकडेही दिले, तेव्हा दान कमी झाले. आकडा पाहिला की माणसाला वाटते, माझ्या शंभर रुपयांनी काय होणार? मदत मागणाऱ्या संस्थांनी यातून एक धडा घेतला : हाडे दिसणाऱ्या एका मुलाचा फोटो छापा. पैसे येतात हे खरे. पण त्या मुलाच्या आईला कोणी विचारले का? आणि पुढच्या वेळी तेवढ्याच पैशांसाठी याहून हडकुळे मूल शोधावे लागते. या वाटेने जाऊ नये असे मला वाटते.

मग वाट कोणती? पवित्र शास्त्रात या प्रश्नाचे अगदी नेमके उदाहरण आहे. प्रेषितांच्या अकराव्या अध्यायात अगब नावाचा संदेष्टा यरुशलेमहून अंत्युखियास येतो आणि मोठा दुष्काळ येणार असे सांगतो. अंत्युखियाची मंडळी नवी, बरीचशी परराष्ट्रीय; यहूदीया त्यांच्यापासून शेकडो मैल दूर. त्यांनी तीन गोष्टी केल्या. सांगणाऱ्याचे ऐकले. प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यायचे ठरवले. आणि रक्कम बर्णबा आणि शौल यांच्या हातून तिथल्या वडिलांकडे पोचवली, म्हणजे ओळखीच्या माणसांकडून ओळखीच्या माणसांकडे. त्यांनी दुष्काळाचे चित्र पाहिले नव्हते. तो तर अजून पडायचा होता.

पुढे पौल करिंथच्या मंडळीकडून यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी मागतो, तेव्हा काय सांगतो? दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी थोडे थोडे बाजूला ठेवा. आणि दुसऱ्या पत्रात त्यांना आठवण द्यावी लागते की वर्षापूर्वी सुरू केलेले काम आता पुरे करा. करिंथकरांचाही उत्साह ओसरला होता, हे वाचून मला दरवेळी धीर येतो. भावनेला ओहोटी येणारच, म्हणून त्याने भावनेवर भरवसा न ठेवता आठवड्याचा नेम लावून दिला.

आपल्या मराठी मंडळीतही असे माणूस होऊन गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई पुण्याहून मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून उभे राहिले. तरुणपणी दक्षिणेतल्या दुष्काळात त्यांनी आपले आई-वडील गमावले होते. दुष्काळ हा शब्द त्यांना कोणी समजावून द्यावा लागला नाही. त्या गेल्या, पाहिले, लिहिले, आणि त्यांच्या पत्रांमुळे सातासमुद्रापलीकडच्या मंडळ्यांना मध्य प्रांत जवळचा झाला. दूरचे जवळ होते ते असे : कोणीतरी जातो, आणि येऊन सांगत राहतो.

आणि अशा कामाला फळ येते का? येते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत थोडेफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. वजन करणे, ऊब देणे, स्तनपानाला मदत करणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले गेले : नवजात बालकांचा मृत्युदर साठ टक्क्यांहून अधिक घटला होता. पुढे हीच पद्धत देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात आली. आज आपल्या गावातली आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी येते, त्यामागे ती ३९ गावे आहेत. वाचलेल्या मुलाचीही बातमी होत नाही, बरे का. पण ते वाचते.

आता तुम्ही विचाराल, आणि मागच्या बैठकीत एका काकांनी विचारलेही, की तारकर्लीचे प्रश्न काय कमी आहेत? जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, किनारा दरवर्षी खचतो, पोरे मुंबई-गोव्याला जातात. आम्ही मेळघाटचे काय करायचे? प्रश्न रास्त आहे. पण त्यातच उत्तरही आहे. पावसाळ्यात मिळकत थांबते म्हणजे काय, हे शहरातल्या दात्याला सांगावे लागते, तुम्हाला नाही. तुमच्याकडे निदान आगोटीची बेगमी असते, तांदूळ असतात, सुकी मासळी असते. आदिवासी पाड्यावर त्याच जुलै-ऑगस्टात घरातले धान्य संपलेले असते, नवे पीक उभे असते, रोजगार नसतो, ओढ्याला पूर असतो आणि दवाखाना त्या ओढ्याच्या पलीकडे असतो. मुले त्याच महिन्यांत जास्त दगावतात.

आणि आपले दान कधी येते? डिसेंबरात. नाताळात मन भरून येते, ते चांगलेच आहे. पण भूक श्रावणात असते.

शिवाय मेळघाटपर्यंत जायलाच हवे असेही नाही. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात कातकऱ्यांच्या वस्त्या आहेत. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. अनुसूचित क्षेत्रातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना २०१५ पासून अमृत आहार योजनेत रोज एक वेळचे चौरस जेवण मिळते. आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. म्हणून त्याच जमातीच्या, तितक्याच गरजू आईला इथे ते जेवण मिळत नाही. जन्माचा दाखला नाही म्हणून जातीचा दाखला नाही, जातीचा दाखला नाही म्हणून पुढचे काहीच नाही, अशी कुटुंबे मी पाहिली आहेत. ती बातमीत कधी येणार नाहीत. ती आपल्यापासून एका एसटीच्या अंतरावर आहेत.

म्हणून माझी आपल्याला चार कामांची विनंती आहे, आणि चारही लहान आहेत.

एक, मंडळीने एकच ठिकाण धरावे. दरवर्षी नवे दुःख शोधू नये. एक पाडा किंवा एक वस्ती, निदान दहा वर्षे. वर्षातून दोनदा आपल्यातल्या दोघांनी तिथे जाऊन यावे, आणि जेवायला बसावे. वाटायला काही नेले नाही तरी चालेल. त्या बायकांची नावे आपल्याला पाठ झाली पाहिजेत.

दोन, दान डिसेंबरऐवजी बारा महिन्यांत विभागावे आणि त्यातला मोठा वाटा जूनच्या आत पोचावा. महिन्याला पन्नास रुपये देणाऱ्या शंभर घरांवर आम्हाला एका कार्यकर्तीचे मानधन बेतता येते. नाताळात एकदम आलेल्या मोठ्या रकमेवर ते बेतता येत नाही.

तीन, नोंद मागा. त्या वस्तीत किती मुले जन्मली, जन्मतः वजन किती होते, किती तीव्र कुपोषित, किती गेली. अंगणवाडीताईशी भांडू नका. ती बिचारी कितीतरी नोंदी सांभाळते. तिला मदत करा. आणि जे लिहिले गेले नाही त्यासाठी ग्रामपंचायतीला, तालुक्याला, आमदारांना सहीनिशी पत्र पाठवा. दर तिमाहीला पाठवा. आपल्या अंकाने एक चौकट या आकड्यांसाठी कायम ठेवावी अशी मी संपादकांना विनंती केली आहे. आकडा बदलला नाही तरी छापावा. बातमी नसली तरी छापावा.

चार, रविवारच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत एका जागेचे नाव घ्या, तेच नाव पुन्हा पुन्हा. पोरे कंटाळतील, विचारतील की हे ठिकाण आहे तरी कुठे. मग त्यांना नकाशावर दाखवा.

यातले काहीही वर्तमानपत्रात येणार नाही. कोणी फोटो काढणार नाही. पण पुढच्या पावसाळ्यात त्या वस्तीत कोणा आईच्या कुशीतले मूल गेले, तर निदान एका मंडळीला त्याचे नाव ठाऊक असेल, आणि कोणीतरी तालुक्याला जाऊन विचारील की हे कसे झाले. असे विचारणारे कोणी आहे हे तालुक्याला कळले, की त्यानंतरची मुले वाचू लागतात. एवढे मी कामाच्या अनुभवावरून सांगू शकते.

पहिले पत्र आणि पहिली वर्गणी मेच्या अखेरीस, आगोटीच्या बाजाराआधी. कोण जबाबदारी घेणार ते आज उठण्यापूर्वी ठरवू या.

प्रभू आपल्या सर्वांना या कामी चिकाटी देवो. आमेन.